घडीची गाडी

"हात लावू नगंस," बाळासो म्हणाले.

संयोगिता पायरीवरच थांबली. अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या झाकणाखाली डावा खांदा घालून बाळासो ते वर रेटत होते. झाकण वीतभर उचललं, थरथरलं आणि धाडकन खाली बसलं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघून गेली. बाळासोंचा उजवा हात अंगालगत लोंबत होता, जणू या खटाटोपाशी त्याचा काही संबंधच नव्हता.

"गंज चढलाय बिजागरीला," ते म्हणाले.

बिजागरीला गंज नव्हता. संयोगितानं नुकतंच तेल सोडलं होतं. पण ती आत गेली आणि चहा टाकला.

कळंब्याच्या त्या गल्लीत गाडीला सगळे 'पेटी' म्हणत. मिटली की ती दोन चाकांची, पत्र्याची चपटी पेटीच दिसायची. घरच्या बोलेरोच्या मागं जोडायची, मनाला येईल तिथं न्यायची, झाकण उचलायचं, आतल्या फळ्या दोन्ही अंगांना बाहेर ओढायच्या, दांड्या उभ्या करून कापड ताणायचं, की दोन माणसांचं घर तयार. बाळासोंचं लक्ष्मीपुरीत जीप-टेंपोचे कापडी हूड शिवायचं दुकान होतं. एक निवृत्त मेजरसाहेब या पेटीचं फाटलेलं कापड शिवून घ्यायला आले आणि शेवटी पेटीच बाळासोंच्या गळ्यात घालून पुण्याला राहायला गेले. लेक अनुजा नुकतीच लग्न होऊन गेली होती. घर उगाचच मोठं वाटत होतं. दोघं नवरा-बायको पेटी घेऊन बाहेर पडायला लागले.

प्रत्येक फेरीतून काहीतरी काम निघायचं. आजऱ्याला वळवाच्या पावसात गादी भिजली, तर घरी आल्यावर बाळासोंनी छताच्या कडेला कापडाची पडवी शिवली. राधानगरीला डासांनी फोडून काढलं, तर जाळी आली. वाकून वाकून भाकरी थापावी लागते असं संयोगिता एकदाच म्हणाली, तर पुढच्या खेपेला बाहेरच्या अंगाला, कमरेच्या उंचीची, घडीची फळी बसली होती. पाव्हण्यारावळ्यांत चेष्टा व्हायची, "बाळासो फिराय जात न्हाईत, खोट काढाय जात्यात." ते खरंच होतं. एखाद्या फेरीत काही कमी सापडलं नाही, तर येताना गाडीत ते गप्प गप्प असायचे.

मग मागच्या वर्षी लकव्यानं त्यांचं उजवं अंग गेलं. बोलणं परत आलं, पायही बऱ्यापैकी आला. हात काही आला नाही. बोटांना कपाचा चटका बसला तरी कळत नसे. दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं. पेटी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली.

चहाचा कप डाव्या हातात घेऊन बाळासो म्हणाले, "राधानगरी रोडचा धैर्यशील हाय न्हवं, हॉटेलवाला. त्याला पायजे पेटी. बागंत मांडायची म्हणतोय. लोकं आत बसून फोटो काढत्यात म्हणं."

"मग?"

"देऊन टाकू. ऐतवारी बोलवलंय त्याला."

संयोगितानं साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. "द्यायची तर चाकं तेवढी बघून घेऊ. न्हायतर न्यायचा आणि नावं ठेवायचा."

हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी भरमाप्पाची जीप येऊन पेटी ओढून घेऊन गेली.

भरमाप्पाचं उद्यमनगरात वेल्डिंगचं दुकान होतं. माणूस निपाणीकडचा, बाळासोंचा जुना दोस्त. संयोगिता मागोमाग रिक्षानं तिथं पोचली, तेव्हा तो चाकं खोलायच्या तयारीत होता.

"चाकं ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "झाकण डाव्या हातानं उचलंल असं करा कायतरी."

भरमाप्पानं तिच्याकडं बघितलं, मग झाकणाकडं. "मोटारीच्या डिकीला दांड्या असत्यात बघा वैनी. जरा वर उचललं की पुढचं आपोआप. तशा जाड बघून दोन बसवू. पण बाळासोला विचारलाय काय?"

"न्हाय."

"मग शिव्या मला बसणार."

"बसू देत," संयोगिता म्हणाली.

शनिवारी पेटी परत आली. भरमाप्पा मुद्दामच थोडा लांब उभा राहिला. "कड उचल जरा," त्यानं सांगितलं. बाळासोंनी डाव्या हाताची चार बोटं झाकणाखाली घातली. झाकण उचललं गेलं, त्यांच्या बोटांतून सुटलं आणि आवाज न करता वर जाऊन थांबलं. बाळासो एक पाऊल मागं सरले. भरमाप्पानं चहा घेतला नाही, काम आहे म्हणाला आणि गेला.

"कुणी सांगितलं त्याला?"

"मी."

"मला इचारायचं न्हाय?"

"इचारलं असतं तर नको म्हणला असता."

"व्हय, म्हणलो असतो." त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "माणूस मोडला म्हणून गाडीला कुबडी लावतीयास व्हय?"

पेटी कुणासाठी हवी होती, हे संयोगितालाही धड सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की पेटी गेली की या माणसाला खोट काढायला घरात स्वतःच्या हाताशिवाय दुसरं काही उरणार नाही. दिवसभर समोरासमोर बसून दोघांनी तो हातच तेवढा बघत राहायचा. जेवताना तिनं आमटी वाढली तेव्हा बाळासोंनी ताट तेवढं जरा पुढं सारलं.

रविवारी धैर्यशील आला. चाळिशीचा, हसतमुख माणूस. झाकण कालपासून वरच होतं, ते बघून खूश झाला. आत डोकावला, जाळी ओढून बघितली, कापड चाचपलं. "काका, ही तर नव्यागत ठेवलीया की तुम्ही."

मग झाकण लावायला गेला. दोन्ही हातांनी ओढलं, अर्धं खाली आलं. जरा सैल सोडलं तर परत वर. त्यानं जवळजवळ लोंबकळून बघितलं. झाकण पुन्हा हातातून निसटलं आणि तो हसायला लागला. "ऱ्हाऊ दे. मिटायची हाय कुणाला? आमच्यात काय, उघडीच असणार कायम."

बाळासो खुर्चीत बसले होते. ते उठले. पाय ओढत पेटीभोवती फिरून आले, भरमाप्पानं दांड्या जिथं जोडल्या होत्या तिथं वाकून बघितलं.

"उघडी ठिवून कापड कुजतंय," ते म्हणाले. मग संयोगिताकडं बघून, "भरमाप्पानं वर जायाचंच बघितलं. खाली कसं यायचं ते बघितलंच न्हाय."

"आमच्या ध्यानातच आलं न्हाय ते," संयोगिता म्हणाली.

"ध्यानात कसं यील? लावताना कधी हात लावलायस?" ते पुन्हा आत वाकले. "हितं कडंला पट्टा पायजे. हुडाचा, दुपदरी. खाली वेटोळं करायचं घोड्याच्या रिकिबीगत. त्यात पाय द्यायचा आणि अंगाचा भार टाकायचा. हाताचं कामच न्हाय."

धैर्यशीलनं विचारलं, "मग काका, कवा न्यायची म्हणता?"

बाळासोंनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू तो आताच आला होता. "न्यायची न्हाय. काम शिल्लक हाय तिचं," ते म्हणाले. "बस, चहा घे."

धैर्यशीलनं राग मानला नाही. चहा पिऊन, हॉटेलवर जेवायला या असं सांगून तो गेला.

दुपारी दुकानातून जाड पट्टा आणि दाभण आणलं. संयोगितानं आजवर ब्लाऊज, परकर, उशीचे अभ्रे शिवले होते, पण हुडाचा पट्टा कधी शिवला नव्हता. बाळासोंनी पट्टा पाटावर ठेवून डाव्या तळव्यानं दाबून धरला. ती मेणाचा दोरा ओढत होती.

"जवळ जवळ घे टाके. शेवटाला माघारी फीर, न्हायतर उसवंल."

दाभण तिच्या अंगठ्यात घुसलं.

"रागानं टोचतीयास," ते म्हणाले.

"तुमच्यापेक्षा कमीच हाय राग."

बाळासो गालातल्या गालात हसले. पट्टा जरासा तिरका शिवला गेला. त्यांनी बोटानं टाके चाचपले आणि उसवायला सांगितलं नाही.

पाऊस उघडल्यावर ते राधानगरीला निघाले. चालवायला संयोगिताच होती. गाडी ती फार पूर्वी शिकली होती, पण रंकाळ्याच्या पलीकडं कधी नेली नव्हती, आणि मागं पेटी जोडून तर कधीच नाही. प्रत्येक वळणाला ती आरशात बघायची. बाळासो शेजारी बसून "येतीया, येतीया, पुढं बघ" म्हणायचे. धरणाच्या पाण्याकडेला पोचल्यावर पेटी मागं घ्यायची वेळ आली.

"उलटं फिरव. पेटी डावीकडं न्यायची तर चाक उजवीकडं."

तिनं फिरवलं. पेटी भलतीकडंच गेली आणि एका झुडपाला जाऊन टेकली. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. तिच्या कपाळावर घाम आला.

"असू दे," बाळासो म्हणाले. "वाकडीच बरी हाय. सावली येतीया."

झाकण त्यांनी उघडलं. संयोगितानं फळ्या ओढल्या, दांड्या उभ्या केल्या, एकटीनं कापड ताणलं. त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. भाकरी घरनंच आणल्या होत्या. जेवण करून दोघं जरा आडवं व्हायला आत शिरले.

बाळासोंची जागा दाराकडची, तिची खिडकीकडची. ते आपल्या जागेवर टेकायला गेले आणि थांबले. त्या अंगाला आधाराला उजवा हात लागत होता. पलीकडं, खिडकीच्या बाजूची दांडी मात्र डाव्या हाताला येत होती.

"तू हितं झोप," ते म्हणाले आणि दांडीला धरून हळूहळू पलीकडं सरकले.

खिडकी त्यांनीच तिच्यासाठी कापली होती, पडल्या पडल्या तिला बाहेरचं दिसावं म्हणून. आता तिच्या अंगाला नुसतं खाकी कापड होतं.

"तुझी खिडकी गेली," ते म्हणाले. "ह्या अंगाला बी एक काढू."

"कापीन मी. तुम्ही खूण तेवढी करून द्या."

"वाकडी कापशील."

"वाकडी तर वाकडी."

मग ते बाहेर बघून तिला सांगायला लागले. पाणी पार कडंपर्यंत आलंय. समोरच्या डोंगराला धुकं हाय अजून. कुणाच्या तरी म्हशी पाण्यात बसल्यात, नुसती शिंगं दिसत्यात. संयोगिता कापडाकडं बघत ऐकत होती. दोघांच्या मध्ये त्यांचा उजवा हात पडला होता. तिनं तो उचलून आपल्या हातात घेतला. गार होता आणि वाटला त्याहून जड. ते बोलतच राहिले, म्हशींचं, म्हशींमागं आलेल्या म्हाताऱ्याचं, त्याच्या खांद्यावरल्या घोंगड्याचं.

बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवली आणि खाली बघितलं.

"हात धरलायस व्हय?"

"व्हय."

"कवाधरनं?"

"आत्ताच," संयोगिता म्हणाली.

ते पुन्हा खिडकीकडं वळले. "म्हशी निघाल्या बघ आता वर," ते म्हणाले.