तीन वाट्यांचं घर

"उद्यापासून मला जेवणात धरू नका," धाकटी म्हणाली. "तुमच्या फोडणीचं मला सोसत नाही. पोट बिघडतं."

ताईच्या हातातला डाव थांबला. ताई काही सख्खी बहीण नव्हे. परदेशातल्या त्या भाड्याच्या घरात तीन मुली राहायच्या. त्यांत ही मोठी, संशोधन करणारी, म्हणून ताई. दुसरी मौनी. सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. आणि तिसरी ही धाकटी, नुकतीच आलेली. किराणा एकत्र आणायचा, ताईने रांधायचं, बाकीच्या दोघींनी भांडी घासायची आणि महिनाअखेर खर्चाचे तीन वाटे, असा त्या घराचा रिवाज.

"कालपर्यंत तर बोटं चाटत होतीस," ताई म्हणाली. "बरं बाई. पोट तुझं."

पोटाला काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते पाकिटाला. थंडी म्हणजे स्वेटर घालायची थंडी, एवढंच तिला ठाऊक होतं. इथे आल्यावर जाड कोट आला, बूट आले, आणि खोलीतला हीटर असा खादाड की नाणं गिळल्याशिवाय तापायचा नाही. शिष्यवृत्तीचा पुढचा हप्ता हिवाळा सरल्यावर. वडिलांनी धाकट्या भावाचं कॉलेज एक वर्ष पुढे ढकलून तिचं तिकीट काढलं होतं. आणखी पैसे मागितले असते तर त्यांनी पाठवलेही असते, आणि भाऊ आणखी एक वर्ष घरी बसला असता. तेव्हा मागायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण वाटा देता येत नाही हे ताईला सांगणं त्याहून जड. त्या काळच्या मुली पोट बिघडल्याचं सांगत, पैसे संपल्याचं नाही.

मग ती खोलीतच पाव आणि उकडलेली अंडी खाऊ लागली. पण एकटीचा संसारही फुकट होत नाही. अर्ध्या पावाला बुरशी यायची, छोटी पुडी मोठीपेक्षा महाग पडायची. स्वयंपाकघरात शेगडीची ऊब आयती मिळत होती. आता जेवतानाही हीटरच्या तोंडात नाणी घालावी लागत. वाचवायला गेली आणि खड्ड्यात पडली. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला की ती पाव खाली ठेवून दाराकडे बघत राहायची.

एका संध्याकाळी मौनी दारात येऊन उभी राहिली.

"तुला खरंच सोसत नाही का गं?"

"नाही."

"मग मलाही सोसेनासं झालंय," मौनी म्हणाली. "तू गेलीस आणि तीन वाट्यांचे दोन झाले, माझा वाटा फुगला. पुढच्या महिन्यात माझंही पोट बिघडणार बघ."

धाकटीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. आपल्या लपवाछपवीचा भार दुसरीच्या डोक्यावर पडला असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं. मौनीने तिला हाताला धरून ताईपुढे नेलं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग पोळपाट बाजूला सारून खुर्चीत बसली.

"शहाण्या आहात दोघी. ते महागातलं लोणी मी कोणासाठी आणत होते? थोरली असून चिक्कूपणा करते म्हणाल, म्हणून. माझे तर शिष्यवृत्तीचे पैसे कधीच संपले. दुपारी ग्रंथालयात पुस्तकं लावते, तेव्हा कुठे भागतं."

"कधी बोलली नाहीस," मौनी म्हणाली.

"तू तोंड उघडायची वाट बघत होते."

त्या दिवशी लोणी गेलं, हवाबंद डब्यातली फळं गेली. बिस्किटांवरून मात्र खडाजंगी झाली आणि ती राहिली. बाजार उठायच्या वेळी भाजी स्वस्त मिळते, म्हणून शनिवारी संध्याकाळी तिघी पिशव्या घेऊन जाऊ लागल्या. धाकटीचा वाटा ताईने उधारीवर धरला.

हिवाळा सरला, हप्ता आला. भाऊ कॉलेजात जाऊ लागल्याचं वडिलांचं पत्रही आलं. धाकटीने थकलेले पैसे ताईपुढे ठेवले. ताईने ते दोनदा मोजले, एक नाणं कमी निघालं तेही मागून घेतलं, आणि पैसे घरखर्चाच्या डब्यात टाकले. ती "राहू दे गं" म्हणाली असती, तर ते घर धाकटीला पाहुणीसारखं वापरावं लागलं असतं.