किमान तीन

आराखडा माझा होता, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे दोषी शोधत बसायला नको.

दोन जिल्हे, दोनशे बारा शाळा, आणि प्रत्येक मूल कुठल्या ना कुठल्या स्तरात. पहिला स्तर म्हणजे वर्गात सगळ्यांबरोबर नीट शिकणारी मुलं. दुसरा, थोडी मागे पडलेली. त्यांना आठवड्यातून तीनदा सहा-सात जणांच्या गटात बसवायचं. तिसरा, ज्यांना अजून वाचताच येत नाही. त्यांच्यासाठी रोज एक तास, लहान गट आणि शाळाशाळांतून फिरणारा वेगळा शिक्षक. कार्यालयात बसून हे ठरवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच, पण सव्वीस वर्षं हाकून हाकून मला शेळ्या बऱ्यापैकी दिसायला लागल्या होत्या. असं मला वाटायचं.

तिसऱ्या स्तरात मी एक नियम घातला होता. गटात किमान तीन मुलं हवीत. एकट्या मुलाला वेगळं काढून बसवायचं नाही. बैठकीत मी त्याला मोठमोठी कारणं दिली. खरं कारण एवढंच की दुसरीत असताना मला वाचता येत नव्हतं, म्हणून अर्धं वर्ष व्हरांड्यातल्या बाकावर एकटीला बसवलं होतं. समोर एक म्हाताऱ्या बाई आणि येता-जाता बघणारी अख्खी शाळा. माझी सख्खी ताई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मैत्रिणींच्या घोळक्यातून तिथून जायची आणि मान फिरवायची. ते मी विसरलेले नाही. विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

शुक्रवारी दुपारी एका लांबच्या शाळेतल्या मास्तरांचा फोन आला. पट चौदाचा, शिक्षक ते एकटेच.

"मॅडम, माझी चौथीतली एक मुलगी तुमच्या यादीत पहिल्या स्तरात दिसतेय."

"मग चांगलंच आहे की."

"कसलं चांगलं. तिला वाचता येत नाही. मी तिसरा स्तर लिहून पाठवला होता. लबाड आहे हो पोरगी. गोष्ट एकदा ऐकली की शब्दनशब्द म्हणून दाखवते, पुस्तक उलटं धरलेलं असलं तरी. पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत जाईल, साठ पोरांच्या वर्गात. तिथे हिला कोण पकडणार?"

मी तक्ता उघडला. मास्तरांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांच्या शाळेत तिसऱ्या स्तरातलं मूल एकच, म्हणजे गट होत नाही. गट होत नाही म्हटल्यावर तक्त्याने मुलीला गुपचूप पहिल्या स्तरात ढकललं होतं, आणि खाली ठसठशीत लिहिलं होतं, 'नियोजन पूर्ण, शंभर टक्के'. तक्ता बनवणाऱ्याला बोल लावायलाही जागा नव्हती, कारण 'एकही मूल स्तराविना राहता कामा नये' हे वाक्यही माझंच. मी बाकीच्या शाळा तपासल्या. अशी एकोणचाळीस मुलं निघाली, कुठे एक, कुठे दोन. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

साहेबांकडे गेले. ते सोमवारच्या बैठकीची तयारी करत होते. त्या दिवशी दोन्ही जिल्ह्यांच्या सह्या झाल्या की वर्षभर आराखड्याला हात लावता येत नाही.

"नियम कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा."

"मग आता तुम्हीच म्हणताय तो चुकला? एकट्या मुलाला बाजूला बसवलं की त्याला आयुष्यभर लाज वाटते, हे तुम्हीच आम्हाला अर्धा तास ऐकवलं होतंत. शिवाय एकेका पोरासाठी शिक्षक पाठवायचा तर दुसरीकडचे तास कमी होणार. बघा, विचार करा. पण माझं ऐकाल तर राहू द्या."

मला राग आला. पण मलाही तो नियम मोडायचा नव्हता. ती चौथीतली मुलगी डोळ्यांपुढे आणली की ती माझ्याच बाकावर बसलेली दिसायची.

शनिवार मी नेहमीसारखा घालवला, म्हणजे कुणाशीही न बोलता. माझ्या घरी जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. त्यातल्या तिनांवर फायली बसतात. महिन्यातल्या एका शनिवारी मी ताईला पत्र लिहिते, चांगलं चार पानी. तिने आजवर एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही. भावोजी होते तेव्हा निदान फोनवर विषय तरी निघायचा. ते गेल्यापासून तीन वर्षांत तोही निघेनासा झाला. दुःखात आहे, असं मी समजून घेतलं. मग समजून घेणं संपलं आणि मनात अढी बसली. व्हरांड्यात मान फिरवणारी ती, अजून फिरवतेच आहे, असं वाटायचं. तरी पत्र लिहायचं मी थांबवलं नाही, कारण दुसरं लिहिणार कुणाला?

रविवारी दहाला ताईचा फोन आला. तो मात्र कधी चुकत नाही. गुडघे, पाण्याची मोटर, शेजारीण असं सगळं झाल्यावर तिने विचारलं, "आज तुझा आवाज असा का गं?"

मी तिला मुलीबद्दल सांगितलं. ऐकून पाठ म्हणते, पुस्तक उलटं धरते, वगैरे. ताई हसेल असं वाटलं होतं.

"मी कधी उलटं धरलं नाही," ती म्हणाली. "चित्र बघून धरायचे."

मला वाटलं, काहीतरी चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालीस?"

"शेजारची मुलगी वाचायची, ते ऐकून मी म्हणायचे. पाठांतर चांगलं होतं माझं. सातवीपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. नाव लिहिता येतं, सुटी अक्षरं लागतात. जोडाक्षर आलं की बसले."

"आणि माझी पत्रं?"

"हे वाचून दाखवायचे. आता कोण दाखवणार? शेजारणीला कशी सांगू?"

सव्वीस वर्षं मी दोन जिल्ह्यांतून वाचता न येणारी मुलं हुडकून काढत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"ताई, मी बाकावर असताना तू मान का फिरवायचीस?"

"बाईंनी बघितलं तर मलाही बसवतील, याची भीती वाटायची. घोळक्यात लपून जायचे मी." ती म्हणाली. "तुझी दया यायची तेव्हा. नंतर वाटायला लागलं, मलाही बसवायला हवं होतं. तू तिथेच तर शिकलीस ना गं वाचायला?"

तिथेच शिकले होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मला बाक तेवढा आठवत राहिला. त्या म्हाताऱ्या बाई रोज माझ्यासाठी, फक्त माझ्यासाठी, तिथे येऊन बसत होत्या, हे लक्षातच राहिलं नाही.

सोमवारी मी बैठकीत उभी राहिले आणि बाकाची गोष्ट सगळ्यांना सांगितली, नाव-गाव न लपवता. लाज वाटली होती, आणि वाचायलाही आलं, दोन्ही सांगितलं. मोठ्या गटांचा आठवड्याचा एक तास कमी केला तर एकोणचाळीस जण बसतात, हे मांडून दाखवलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. पण दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी मान डोलावली, आणि 'किमान तीन' खोडून मी 'किमान एक' लिहिलं. मास्तरांना फोन केला तर ते म्हणाले, "बरं झालं, पण पोरगी माझ्यावर रुसणार आता."

शनिवारी बस पकडून ताईकडे गेले. तिने कपाटातून माझी पत्रं काढली. तीन वर्षांची, सगळी बंद, आली त्या क्रमाने दोरीने बांधलेली. आम्ही खिडकीपाशी बसलो. मी तळातलं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. भावोजी गेल्यानंतरचं पहिलं.

ताईने चष्मा लावला आणि अक्षरांखाली बोट ठेवलं. 'प्रिय' पाशी अडली, मी सांगितलं. मग एकेक अक्षर लावत, मध्ये श्वास घेत, ती पुढे गेली.

"म-ला इ-थे फा-र ए-क-टं वा-ट-तं. तू ए-क-दा त-री लि-ही..."

तिचं बोट तिथेच थांबलं. तिने वर बघितलं.

"हे तू तेव्हा लिहिलं होतंस?"

"हो."

"आणि मी तुला दर रविवारी मोटरीचं सांगत बसले."

 मी तिचं बोट धरून पुढच्या शब्दाखाली ठेवलं.