कोरडी भिंत

ताईने भावाला लहानाचं मोठं केलं होतं. आईवडील एकामागोमाग गेले तेव्हा त्याला दप्तरही धड पेलवत नव्हतं, आणि ती नुकतीच गणवेशांच्या कारखान्यात शिवणाला लागली होती. त्याने शाळा कधी सोडायची, कुठला धंदा शिकायचा, त्याच्यासाठी आलेल्या कुठल्या स्थळाला नकार कळवायचा, सगळं तिनेच ठरवलं. आता ती कारखान्यात मुकादम होती. ती नुसती खाकरली तरी बायकांच्या रांगा गप्प व्हायच्या. तो घड्याळं दुरुस्त करायचा. गल्ली त्याला घड्याळजी म्हणायची आणि ताई, त्याची चाळिशी उलटली तरी, बाळ्या.

घर तळमजल्यावर होतं. मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी त्याचं टेबल. तिथल्या भिंतीतून गेलेला नळ कधीतरी झिरपू लागला आणि विटांच्या फटीत हंसराज उगवला. विहिरीच्या आतल्या अंगाला, सावलीत उगवतो तोच. काळेभोर, केसासारखे बारीक देठ आणि त्यांवर इवल्या पंख्यांसारखी पानं. पाणी शिंपडलं तरी पान भिजायचं नाही, थेंब घरंगळून खाली यायचा.

घड्याळजी त्याच्या कलाने घेत गेला. ऊन थेट नको, पण काळोखही नको. मुळाशी ओल हवी, चिखल नको. वारा तर मुळीच खपायचा नाही. पंखा लावला की पानांच्या कडा करपायच्या. म्हणून ऐन उन्हाळ्यातही तो घामाने निथळत काम करायचा.

"बायको केली नाही, पण नखरे झेलायचे काही चुकले नाहीत," समोरचा न्हावी म्हणायचा. घड्याळजी हसायचा. भिंग डोळ्याला असलं की त्याचं हसू वाकडं दिसायचं.

मग त्याला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. चिमट्यात धरलेला स्क्रू निसटायला लागला. डॉक्टरांनी घरी येऊन छाती तपासली, मग भिंतीला हात लावला.

"ही ओल आधी घालवा," ते ताईला म्हणाले. "इथे बुरशी आहे. नाहीतर औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

त्या संध्याकाळी ताई म्हणाली, "गवंड्याला सांगते."

"थांब जरा. टेबल पुढच्या खोलीत नेतो. झोपेनही तिकडेच."

"आणि ओल काय उंबऱ्यापाशी थांबणार आहे?"

"ताई, तेवढं एकच आपणहून आलंय या घरात. राहू दे."

"बघू," ती म्हणाली. तिचं 'बघू' म्हणजे ठरलेलं असायचं, हे दोघांनाही माहीत होतं.

तो बाजारात सुटे भाग आणायला गेला असताना तिने गवंडी बोलावला. परत आला तेव्हा भिंत खरवडलेली, नळ बदललेला, आणि हंसराज एका कुंडीत न्हाणीघराच्या फळीवर. मुळं अर्धी तुटलेली. घड्याळजीने वाकून उघडी पडलेली मुळं मातीत दाबली. ताईला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पानं वाळली, चुरगळलेल्या कागदासारखी आक्रसली. त्याने सगळे देठ मातीलगत कापले. न्हाव्याला तो म्हणाला, गड्डा जिवंत असला तर फुटेल, फक्त माती जपून ओली ठेवायची. ताईने ते दारातून ऐकलं. मनाला लागलेलं बोलून दाखवायची तिला सवय नव्हती. ती रोज कामावर जाण्याआधी, त्याच्या नकळत, तांब्याभर पाणी त्या कुंडीत ओतू लागली.

एके सकाळी त्याने माती उकरून नाकाशी नेली. कुजकट वास आला. गड्डा बोटाखाली दबला, चिखलासारखा.

"पाणी तू घालत होतीस?"

"जगावं म्हणून घालत होते रे."

"मला विचारायचंस."

"त्यात काय विचारायचं? पाणीच तर होतं."

"एकदा तरी, ताई. कशातच कधी मला विचारलं नाहीस." आवाज चढलेला नव्हता. त्याने हात धुतले आणि टेबलाशी जाऊन बसला.

भिंत सुकली. खोकलाही हळूहळू उतरला, थंडी सरेपर्यंत तो दवाखान्याचा जिना एका दमात चढू लागला. डॉक्टर म्हणाले, ताईंनी वेळेवर केलं म्हणून निभावलं. ते खरंच होतं. ताईने हे शेजारी चारदा सांगितलं, त्याला मात्र एकदाही सांगता आलं नाही. आणि श्वास मोकळा झाला तसा घड्याळजी दुसऱ्या गावी निघाला. तिथे दुकानाला गाळा मिळाला होता, मागे राहायला खोली होती.

"जेवणाखाण्याचं काय?" तिने विचारलं.

"करीन."

"मी येऊ का चार दिवस, बस्तान बसेपर्यंत?"

"नको."

पुढच्या उन्हाळ्यात ती न कळवताच त्याच्याकडे गेली. पिशवीत दोन दिवसांचे कपडे होते. दुकान नीटनेटकं होतं, तोही अंगाने भरला होता. त्याने उठून खुर्ची पुसली, चहा मागवला. तेवढ्यात घड्याळाचा पट्टा बदलायला एक म्हातारी आली.

"या कोण?" तिने विचारलं.

"माझी थोरली बहीण. हिनेच वाढवलं मला. हिने बघितलं नसतं तर मी जगलोच नसतो."

ताई हे शब्द ऐकायला किती वर्षं आसुसली होती. पण तो ते पट्ट्याची पिन बसवता बसवता, मान खाली घालून, एखाद्या घड्याळात काय बिघडलंय ते सांगावं तसं बोलला. म्हातारी कौतुकाने मान डोलावून गेली.

"तुझी परतीची गाडी कधीची आहे?" त्याने विचारलं.

"आहे की, संध्याकाळची," ताई म्हणाली, आणि पायानेच पिशवी खुर्चीमागे सरकवली.