एकोणीस दारं

मास्तरीणबाई जिना चढून वर आल्या तेव्हा तारवाला शर्टाला बटण लावत बसला होता. खोलीत खुर्ची एकच. ती त्यांना देऊन तो पलंगाच्या कडेला टेकला, आणि कुणी घरी आलं की काय बोलायचं असतं ते आठवू लागला.

तारा बंद होऊन जमाना झाला होता, पण गावात त्याला दुसरं नाव उरलंच नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी लढाई पेटली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि आघाडीवरून आलेल्या तारा घरोघर पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याची सायकल गल्लीत वळली की बायका दारं लावून घ्यायच्या. त्याने घंटा वाजवणं सोडलं, तर लोक चाकांचा आवाज ओळखू लागले. लढाई संपल्यावर त्याने मुलं झाल्याच्या, नोकऱ्या लागल्याच्या तारा आणल्या, तरी त्याला पाहून दारं लागायची ती लागायचीच. लग्नाची बोलणी दोनदा निघाली आणि दोन्हीदा जागच्या जागी विरली. त्याला कुणी कधी वाईट बोललं नाही. खरं तर कुणी फारसं बोललंच नाही.

बाई थेट कामाचं बोलल्या. लढाईतून परतलेल्या चार-पाच माजी सैनिकांनी मनावर घेतलं होतं की जे परतले नाहीत त्यांचं स्मारक दफनभूमीत उभं करायचं. जागा मिळाली, दगड आला. पण कचेरीतली यादी तळघरात पाणी शिरून लगदा झाली होती. लोकांना विचारून विचारून बाईंनी सोळा नावं जमवली होती.

"काका, तुम्हाला काही आठवतं का?"

त्याने डोळे मिटले. नावं आधी आलीच नाहीत, दारं आली. गिरणीशेजारचं निळं दार. कडी तुटलेलं. आतून लहान मूल ढकलत होतं ते. एकेका दारामागून तो नाव सांगत गेला आणि बाई लिहीत गेल्या. एकोणीस झाली.

तीन नावं नवी होती. प्रत्येक नावापुढे घरच्या कुणाची तरी सही लागणार होती आणि ती घरं त्यालाच ठाऊक, म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. पहिल्या घराचं आता हार्डवेअरचं दुकान झालं होतं. पुतण्याने गिऱ्हाईक सांभाळत, मान वर न करता सही केली. दुसऱ्या घरी बहीण होती. ती रडली, बाईंचा हात धरून बसली, मग आतून पाणी आणलं. ग्लास एकच होता.

तिसरा माणूस भरती होण्याआधी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याला मागेपुढे कुणी नव्हतं. चार वर्षं एका खाणावळीत जेवायचा आणि तिच्याच माळ्यावर झोपायचा. त्याची तार आली तेव्हा खाणावळवाल्या मावशींनी हात मागे घेतला होता. "तो माझा कोण लागतो?" म्हणून त्या चुलीकडे वळल्या होत्या, आणि तारवाल्याला तार परत न्यावी लागली होती.

मावशी आता नव्वदीला टेकल्या होत्या. खाणावळ केव्हाच बंद पडली होती. लांब बाकांपैकी एक तेवढं भिंतीशी होतं. त्यांनी त्याला लगेच ओळखलं.

"तारवाला ना रे तू? आता कुणाची आणलीस?"

त्याने स्मारकाचं सांगितलं. मावशींनी पदराने बाक पुसून दोघांना बसवलं.

"त्या तारेत काय लिहिलं होतं?"

अठ्ठेचाळीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याला ते तोंडपाठ होतं. "आपला माणूस आघाडीवर कामी आला. शव मिळाले नाही."

"आपला, असं लिहिलं होतं?"

थाप मारणं सोपं होतं, पण ते त्याला जमलं नाही. "छापील मजकूर असतो, मावशी. सगळ्यांना तोच."

"असू दे," त्या म्हणाल्या. "दोन महिने त्याचं ताट मांडत होते मी. तार घेतली असती तर थांबवावं लागलं असतं."

बाईंनी कागद पुढे केला. नात्याच्या रकान्याशी येऊन पेन थांबलं. मावशी म्हणाल्या, "लिहा, जेवायला होता माझ्याकडे." बाईंनी तसंच लिहिलं.

महिनाभराने दगड उभा राहिला. घरच्यांसाठी खुर्च्या होत्या. तारवाला पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिला. एकेक नाव वाचलं की त्या घरचं माणूस उठून फूल ठेवायचं. छापखान्यातल्याचं नाव आलं, कुणी उठलं नाही, आणि पुढचं नाव वाचलं गेलं. तिथल्या प्रत्येकाला आपलं एक नाव होतं. त्याला एकोणीसही पाठ होती आणि त्यातलं त्याचं एकही नव्हतं. शेवटी बाईंनी सगळ्यांचे आभार मानले, त्यात त्याचेही मानले. दोघा-तिघांनी वळून पाहिलं आणि ओळखीचं हसावं की नाही, या विचारात मान फिरवली.

संध्याकाळी तो मावशींना सांगायला गेला. त्यांचे पाय चालत नव्हते, म्हणून त्या आल्या नव्हत्या.

"त्याचं नाव कुठेशी आहे?"

"खालून तिसरं. वाकावं लागतं."

"तू वाकलास?"

"नाही, मावशी. गुडघे धरलेत."

"मग जा," त्या म्हणाल्या. "आणि मला येऊन सांग."

तो परत गेला. खुर्च्या उचलून नेल्या होत्या आणि गवतावर त्यांच्या पायांचे ठसे राहिले होते. दगडाला धरून तो हळूहळू खाली बसला आणि नावावरून बोट फिरवलं. अक्षरं अजून करकरीत होती, बोटाला टोचत होती. त्या पोराचा चेहरा काही केल्या आठवेना. त्याने त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

उठताना दोनदा खाली बसला. हात द्यायला आसपास कुणी नव्हतं. तिसऱ्यांदा तो उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि मावशींना सांगायला निघाला.