बेचाळीस हिरव्या खुणा

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या उजव्या कानाची गादी फाटलीय आणि तिच्यावर पायमोज्याचा तुकडा शिवलाय, हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्याइतकं ऐकलेला कुणी असेल, तर आणा बरं समोर!

कारखान्यातून निघालो तो थेट गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कचेरीत. नऊ वर्षं लोकांची बोलणी खाल्ली. मग बिनतारेचे हेडफोन आले आणि मी अडगळीच्या खोक्यात गेलो. तिथल्या वायरमननं मला घरी आणलं, आपल्या बायकोसाठी. तीच या घरची सूनबाई.

सूनबाई दवाखान्यात मावशीचं काम करायची. चादरी बदलायच्या, पेशंटला हाताला धरून चालवायचं. तिला मात्र रक्ताचे नमुने घेणारी व्हायचं होतं. दवाखान्यानं सांगितलं, ऑनलाइन कोर्सची परीक्षा पास व्हा, लॅबमध्ये जागा देतो. पण संधी दोनच.

काय तिचा उरक सांगू! हात भांड्यांत, मी कानावर आणि धडा दुप्पट वेगानं. शिक्षक नुसते चिवचिवत. धडा संपला की स्क्रीनवर हिरवी खूण. तीन आठवड्यांत बेचाळीस खुणा झाल्या. मीही मनातल्या मनात मांडे खात होतो. निकाल लागला, शंभरात एकतीस.

सूनबाई ओट्याला टेकून रडली. "सगळं पाहिलं होतं हो, बाबा. एकही धडा सोडला नाही."

सासऱ्यांचा सारा जन्म घड्याळदुरुस्तीत गेलेला. ते म्हणाले, "पाहिलंस ना? मग पहिल्या धड्यात काय होतं, सांग."

ती पहिला धडा शोधायला स्क्रीनकडे वळली.

"रोज एकच धडा कर आणि तो मला शिकव. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा नीट शिकवावं लागेल हं!"

दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीवरून आली की चार वाजता ती एकाच खुर्चीत बसू लागली. फोन दुसऱ्या खोलीत. लॅपटॉपवर एक धडा, साध्या वेगानं. मग स्क्रीन बंद, मी खुर्चीच्या पाठीवर, आणि ती वहीत न बघता सासऱ्यांना सांगणार. खरं सांगतो, मला राग आला. मला काढून ठेवून कसला आलाय अभ्यास?

एकदा सासऱ्यांनी विचारलं, "जांभळ्या झाकणाच्या नळीत आधी रक्त घेतलं तर काय बिघडलं?"

"तसा नियमच आहे, बाबा."

"नियम आहे, हे काय उत्तर झालं?"

तिनं धडा मागे नेऊन पाहिला. कारण कुठंच नव्हतं. मग तिनं कोर्सच्या शिक्षकांना लिहून विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: त्या नळीतलं औषध पुढच्या नळीत गेलं, तर पुढची तपासणी चुकते. सूनबाई टाळी वाजवून हसली. त्या दिवसापासून दर रविवारी ती जुने धडेही वही न उघडता सांगायची. चुकली की पुन्हा बसायची. अशी चिकाटी मी नऊ वर्षांत कुणाच्या आवाजात ऐकली नव्हती. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

दुसरी परीक्षा तोंडी होती, लॅपटॉपवरच, आणि मी तिच्या कानावर. परीक्षकांनी विचारलं, "रक्त घेताना पेशंटला चक्कर आली तर?"

ही शेवटची संधी होती मित्रांनो! तिनं क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "हे बघा बाबा, आधी दंडाला बांधलेला पट्टा सोडायचा, सुई काढायची, कापूस दाबून धरायचा..." मग जीभ चावली. "माफ करा, सर!"

सर हसले. "चालू द्या. बाबांना सांगता तसंच सांगा."

ती पास झाली. घरात आनंदीआनंद झाला. सासरे मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. "लॅबची वेळ संध्याकाळपर्यंत," ते हळूच म्हणाले. "आता चार वाजता मी काय करू गं?"

सूनबाईचे डोळे भरून आले. तिनं मला उचललं आणि सासऱ्यांच्या कानावर बसवलं. "आता चार वाजता तुम्हाला आवडेल तो धडा तुम्ही ऐका, बाबा. मी घरी आले की मला शिकवायचं."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. गादी फाटली तर पुन्हा शिवता येते. पण ऐकून झालं की मला कानावरून काढा, आणि जे ऐकलंत ते घरातल्या एका माणसाला सांगा.