शून्यरावांचा आकडा

कॅथलॅबमधल्या टेक्निशियनला सगळे शून्यराव म्हणत. हे नाव मोठ्या डॉक्टरांनी ठेवलेलं. त्या खोलीत हृदयाच्या बुजलेल्या नळ्या क्ष-किरणांनी पडद्यावर बघत उघडल्या जात, आणि तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला छातीवर काडेपेटीएवढा एक बॅज लावावा लागे. बॅज अंगाचं रक्षण वगैरे काही करत नाही. किती किरणं लागली तेवढं मुकाट्यानं टिपून ठेवतो. दर तीन महिन्यांनी सगळ्यांचे बॅज मोजणीसाठी बाहेरगावी जात आणि आकड्यांचा कागद नोटीस बोर्डावर लागे. टेक्निशियनच्या नावापुढे गेली वीस वर्षं एकच आकडा होता, शून्य. मोठे डॉक्टर म्हणत, हा माणूस मुळातच शिशाचा आहे, याला आणखी शिशाचा एप्रन कशाला घालता. सगळे हसत. शून्यरावही हसत.

खरी गोष्ट अशी होती की बॅज एप्रनच्या आत लावायचा असतो, त्यामुळे तो आहे की नाही हे कोणाला दिसत नाही. शून्यरावांचा नसायचा. तो कपडे बदलायच्या खोलीत, त्यांच्या खणात, मोज्यांच्या जोडीखाली निवांत पडलेला असायचा. वर्षातले तीनशे दिवस. त्याला किरणं कुठून लागणार?

यात त्यांना कोणाला फसवायचं होतं असं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांचा आकडा मर्यादेच्या वर गेला होता, आणि नियमाप्रमाणे त्यांना तीन महिने खोलीबाहेर काढून जुन्या फिल्मा लावायला तळघरात पाठवलं होतं. नियम त्यांच्याच भल्याचा होता हे त्यांनाही कळत होतं. पण त्या तीन महिन्यांत ते जेवणाच्या सुट्टीत वर येत आणि बंद दारावरचा लाल दिवा लागलेला बघत उभे राहत. आत आपल्याशिवाय काम चाललंय, ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागली. त्यांना त्या कामाचं वेड होतं. तार पुढे सरकते, डॉक्टर पायाखालचं बटण दाबतात, आणि पडद्यावर अडलेली नळी एकदम मोकळी होऊन आत सोडलेल्या औषधाची काळी धार टोकापर्यंत पळत जाते. टेबलावरचा माणूस म्हणतो, आता बरं वाटतंय. हे हजारदा पाहूनही दर वेळी ते पहिल्यांदा बघितल्यासारखे बघत. तळघरातून परतल्यावर तेव्हाच्या जुन्या टेक्निशियननं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अरे, आजारी पडतो तो बॅज. आपल्याला काही होत नाही. त्याला जरा आराम देत जा." त्या दिवसापासून बॅज आराम करत होता.

या वर्षी मात्र शून्यरावांच्या डोळ्यांनी कुरबुर सुरू केली. दिव्यांना कापसासारख्या कडा फुटू लागल्या. समोरून गाडी आली की रस्ता पुसून जाई. एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी सहा नंबरचा कॅथेटर, म्हणजे आत सरकवायची बारीक नळी, मागितली असताना शून्यरावांनी आठचं पाकीट उचललं. मोठ्या डॉक्टरांचा हात तसाच हवेत राहिला. इतक्यात सिस्टरनं मागून योग्य पाकीट शून्यरावांच्या हातात सरकवलं आणि हलकेच म्हणाल्या, "भाऊ, हे घ्या." कोणाला काही कळलं नाही.

या सिस्टर पंधरा वर्षं त्यांच्यासोबत होत्या. खोलीत शून्यराव टेबलाला चिकटून उभे असत आणि त्या दोन पावलं मागे, औषधांच्या गाडीपाशी. एकमेकांच्या नुसत्या खोकण्यावरून काय हवंय ते दोघांना कळे. पाकिटाची चूक तिसऱ्यांदा झाली तेव्हा सिस्टरनं त्यांना विचारलंही नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे परस्पर नंबर लावला आणि चिठ्ठी त्यांच्या खिशात टाकली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा बराच वेळ पाहिला. मग सांगितलं की मोतीबिंदू आहे, आणि तो भिंगाच्या मागच्या बाजूला आहे. पन्नाशीनंतर मोतीबिंदू काय कोणालाही होतो, पण मागच्या बाजूचा जरा वेगळा. साखर आहे का? नाही. काही औषधं वर्षानुवर्षं चालू? नाही. काम काय करता? शून्यरावांनी सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मग तुमच्या बॅजचा आकडा काय येतो?"

"शून्य," ते म्हणाले. वीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"नेहमी?"

"नेहमी."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा पेन उचललं. असं असेल तर कामाचा संबंध लावता येत नाही, म्हणाल्या. तशी खात्री आकडा असता तरी देता आली नसती, पण निदान विचार करता आला असता. कागदावर त्यांनी लिहिलं, वयोमानानुसार. घाबरायचं काही नव्हतं, भिंग बदललं की दिसणार होतं. तो कागद घेऊन बाहेर पडताना शून्यरावांना वाटलं, आपणच बनवलेलं खोटं कोणीतरी आपल्याच डोळ्यावर सही करून परत दिलं.

एवढ्यावर भागलं असतं तर त्यांनी ते गिळलंही असतं. स्वतःपुरतं गिळायची त्यांना सवय होती. पण दुसऱ्या दिवशी सिस्टर चहाच्या वेळी आल्या त्या हातात मेमो घेऊन.

सिस्टरचा आकडा सलग तिसऱ्यांदा वर आला होता, अजून मर्यादेच्या आत, पण वाढत चाललेला. त्या बॅज नेमानं लावत. शिस्त म्हणजे शिस्त. गेली चार वर्षं त्या अर्ज करत होत्या की टेबलावर छताला टांगायची शिशाची काच बसवा आणि सगळ्यांना शिशाचे चष्मे द्या. अर्जावर दर वेळी एकच शेरा येई, गरज दिसत नाही. आता सुरक्षा अधिकाऱ्यांनी मेमोत त्यामागचं कारणही लिहिलं होतं. टेबलाला लागून उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्याचा आकडा वीस वर्षं शून्य आहे. तेव्हा दोन पावलं मागे उभ्या राहणाऱ्या व्यक्तीचा आकडा इतका येणं संभवत नाही. बदली मिळावी म्हणून बॅज मुद्दाम मशीनपाशी टांगून ठेवल्याचा संशय आहे. गुरुवारी समितीपुढे खुलासा करावा, अन्यथा सेवापुस्तकात नोंद घेतली जाईल.

"मुद्दाम," सिस्टर म्हणाल्या. "पंधरा वर्षांत एक रजा मुद्दाम घेतली नाही मी." त्यांनी मेमोची चौकोनी घडी केली, मग तिची आणखी एक घडी केली. "भाऊ, तुम्हाला पण बोलावलंय. मी बॅज नीट लावते एवढंच सांगा. तुमचं ते ऐकतील. तुमचा आकडाच तसा आहे."

शून्यरावांनी मान हलवली. चहा गार होईपर्यंत ते कपाकडे बघत राहिले.

घरी बायकोनं डोळ्यांचा कागद वाचला आणि म्हणाली, चला, वयाचंच आहे, बरं झालं. मग त्यांची थट्टाही केली. त्यांच्या नडग्यांवरचे केस कधीच गेले होते, जिथे एप्रन संपतो तिथून खाली पाय कसे लहान पोरासारखे गुळगुळीत. पूर्वी ती म्हणे, मी मेली घासून घासून थकते आणि तुमच्या पायांना फुकटात शोभा. तेच आज पुन्हा म्हणाली. शून्यरावांना हसू आलं नाही. ते पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी तिला खणाची गोष्ट सांगून टाकली. खाली बघत, एखादं पाठांतर म्हणावं तशी.

तिनं हातातला कागद खाली ठेवला. मग उठून कपाट उघडलं आणि एक जाड वही काढली. दर तीन महिन्यांनी ते आकड्याची चिठ्ठी घरी आणत, तिला काळजी नको म्हणून. त्या सगळ्या चिठ्ठ्या तिनं वहीत चिकटवून ठेवल्या होत्या.

"मी ही झोप न आली की काढून बघायचे," ती म्हणाली. "पान उलटायचं, शून्य. पान उलटायचं, शून्य. मग झोप यायची."

शून्यरावांना वाटलं, ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. वही मिटून जागच्या जागी ठेवली आणि विचारलं की सिस्टरना हे ठाऊक आहे का. ते नाही म्हणाले. गुरुवारी सांगितलं तर काय होईल? ते म्हणाले, मला खोलीतून काढतील. पुन्हा तळघर. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, आता परत वर यायला मिळणार नाही.

"आणि नाही सांगितलं तर?"

"सिस्टरच्या सेवापुस्तकात नोंद," ते म्हणाले.

गुरुवारी समितीत चौघे होते. सुरक्षा अधिकारी, मोठे डॉक्टर, मेट्रन आणि कारकून. सिस्टर खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या होत्या. अधिकाऱ्यांनी कागदांची चळत सरळ केली आणि आकडे वाचून दाखवले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्यापुढे कागद होते आणि कागद तेच सांगत होते. मग त्यांनी शून्यरावांना विचारलं की सिस्टर बॅज कुठे ठेवतात.

शून्यराव उभे राहिले. त्यांनी खिशातून स्वतःचा बॅज काढून टेबलावर ठेवला. त्याला मोज्याचा एक निळा धागा चिकटलेला होता.

"सिस्टर बॅज छातीवर ठेवतात," ते म्हणाले. "मी खणात ठेवतो. वीस वर्षं. शून्य आहे ते माझ्या खणाचं."

कारकुनाचं लिहिणं थांबलं. अधिकारी चष्मा काढून पुसू लागले. मोठे डॉक्टर बॅजकडे बघत होते. मग त्यांची नजर हळूच स्वतःच्या कोटाकडे गेली आणि तिथून खिडकीबाहेर. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आपलाही बॅज कुठूनसा शोधून आणून लावला, असं नंतर वॉर्डबॉयनं सगळ्यांना सांगितलं.

शून्यरावांना वाटलं होतं, सिस्टर रागावतील किंवा सुटकेचा श्वास टाकतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्या समोरच्या चळतीतला स्वतःचा कागद बघत होत्या.

"म्हणजे माझा आकडा खरा आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे तेवढं मला खरोखर लागलंय."

शून्यरावांनी याचा विचारच केला नव्हता. आठवडाभर ते सिस्टरला खोटेपणातून सोडवायच्या विवंचनेत होते. त्यातून सोडवलं की त्या कशाच्या हवाली होतात, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. बाहेर व्हरांड्यात सिस्टर त्यांच्याजवळून गेल्या आणि न थांबता म्हणाल्या, "तुमच्या शून्यावर माझे चार वर्षांचे अर्ज गेले, शून्यराव." पंधरा वर्षांत त्यांनी हे नाव पहिल्यांदा घेतलं होतं.

मेमो मागे घेतला गेला. शून्यरावांना ताकीद मिळाली आणि तळघरही. तिथे आता फिल्मा नव्हत्या, संगणक होते. डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर संगणकांवरचे आकडे त्यांना स्वच्छ दिसू लागले. महिन्याभरानं वर काच बसवली जात होती तेव्हा ते जेवणाच्या सुट्टीत जिना चढून आले. मिस्त्री स्टुलावर उभा राहून छताला बिजागरी ठोकत होता. सिस्टर खालून त्याला उंची दाखवत होत्या. शून्यराव दारातच थांबले. त्यांना वाटलं होतं की आपल्याला आत बोलवलं जाणार नाही, आणि बोलवलं नाहीच. मात्र जाता जाता मागून सिस्टरचा आवाज आला.

"सोमवारी डोळे दाखवायचेत मला. थेंब टाकल्यावर दिसत नाही म्हणतात. सोबत कोणीतरी लागतं."

सोमवारी दोघे बाकावर बसले होते. सिस्टरची पर्स शून्यरावांच्या मांडीवर होती. ती कशी धरावी हे त्यांना कळत नव्हतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. नव्या टेक्निशियनचे हात जलद आहेत पण बडबड फार, सिस्टर म्हणाल्या. खोकून काही सांगावं तर तो पाणी आणून देतो. शून्यरावांना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले.

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरना आत नेलं. अर्ध्या तासानं त्या भिंतीला हात लावत बाहेर आल्या, बाहुल्या मोठ्या झालेल्या, हातात कागद. त्या बाकावर बसल्या आणि त्यांनी कागद शून्यरावांपुढे धरला. आत डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते धड ऐकलंच नाही, म्हणाल्या, छातीत नुसतं धडधडत होतं.

"भाऊ, काय लिहिलंय ते वाचा. आहे तेवढंच वाचा."

शून्यरावांनी कागद उजेडाकडे धरला. अक्षर किरटं होतं. त्यांनी ते आधी मनातल्या मनात वाचलं नाही. सरळ मोठ्यानं वाचायला घेतलं, कारण आधी वाचलं असतं तर कदाचित एखादा शब्द गाळायचा मोह झाला असता.

"उजवा डोळा, ठीक," त्यांनी वाचलं. "डावा डोळा, भिंगाच्या मागच्या बाजूला बारीक ठिपके. सध्या दृष्टीवर परिणाम नाही. कामाचा संबंध असू शकतो. शिशाचा चष्मा वापरावा. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवणे."

"आणखी?"

"खाली सही आहे. एवढंच."

सिस्टरनं हात पुढे केला. शून्यरावांनी आधी पर्स दिली आणि मग कागद.