समुद्राले तिवस्याचा गाईड

आमचे साहेब, म्हंजे माहा नवरा धर्मेंद्र, अकोल्यात बँकेचे मॅनेजर. यंदा त्याहिले समुद्रात कयाक वल्हवायची हुक्की आली. मालवणच्या चार सहलींची माहिती मी काढली. गाईड किती वर्षांपासून हे काम करते, लाटा वाढल्या तं काय करते, सारं लिहून देल्लं. साहेबानं कागद बाजूले ठेवला अन् पाचवीच सहल निवडली. कावून? तं तिचा गाईड भगवंत मूळचा तिवस्याचा. "आपल्या तिकडचा मानूस हाय, धोका देनार नाही," म्हने. तिवस्यात समुद्र कुठी हाय, हे विचारून मी थकली.

मले फिकर एकच होती. एका नावेत दोघं बसतेत, अन् माही बारा वर्षांची पोरगी माया बापासंगच बसनार, असं साहेबानं ठरवून टाकलं होतं. फॉर्मवर 'पोहता येते का' याच्यापुढं लिहिलं, 'उत्तम'. लहानपनी पाठीवर पत्र्याचा डबा बांधून गावच्या विहिरीत दोन उन्हाळे डुंबले, तेवढंच साहेबाचं उत्तम. मी काठावर थांबून फोटो काढनार होती.

निघायच्या आठ दिवस आधी भगवंताचा व्हिडिओ कॉल आला. "लाइफ जॅकेट घेतलं ना? घालून दाखवा."

साहेब छाती फुगवून आतून आले. जॅकेटचा जाड भाग पाठीवर, पट्टे पोटावर आवळलेले. मायानं तोंडावर हात ठेवला. मले तं कीवही नाही आली.

"भाऊ, विहिरीतला डबा पाठीवर असते," भगवंत शांतपने म्हनला. "मीबी तसाच शिकलो. पन हे असं उलटं घातलं अन् नाव पलटली, तं तोंड पान्यात राहीन. पोरगी माह्या नावेत बसन."

माहा जीव भांड्यात पडला. साहेबाचं उतरलेलं तोंड पाहून मी हासली, पोट दुखेपर्यंत हासली.

"मंग भाऊच्या नावेत कोन?" भगवंतानं विचारलं. "दोघांची नाव एकट्यानं चालत नाही. वहिनी, तुमी बसा. घाला बरं जॅकेट."

मले पान्याची भीती वाटते, हे लग्नाच्या पंधरा वर्षांत मी कोनाले कळू देल्लं नव्हतं. माया माह्याकडं पाहून राहिली होती. मी साहेबाच्या अंगातलं जॅकेट काढलं, जाड भाग पुढं करून घातलं. पट्टा काही आवळता येईना. मंग साहेबच पुढं आले, अन् त्याहिनं तो आवळून देल्ला.